ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सॉल्ट लेक खोऱ्यात उतरणाऱ्यांसाठी

आपण लिहिले आहे की, नव्या नोकरीसाठी ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीला हजर व्हायचे आहे, पत्नी आणि सात वर्षांची मुलगी सोबत येणार आहेत, आणि हवामानाच्या तक्त्यात दिवसा ३३ अंश, रात्री २० च्या आसपास, पाऊस नगण्य असे दिसते. तेव्हा घर लावायला आणि मुलीला शाळेत घालायला हा आठवडा सोयीचा आहे ना? व्हिसा, भाडेकरार, बँक यांविषयी मी लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर आहे आणि तिथे ते माझ्या आठवणीपेक्षा अचूक आहे. मात्र नऊ वर्षांपूर्वी याच आठवड्यात आम्ही तिघे इथे उतरलो होतो. आपला प्रश्न वाचल्यापासून तो आठवडा माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

तक्ता खोटा नाही, पण तो सरासरीचा आहे. ७ सप्टेंबर २०२२ रोजी इथे १०७ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळजवळ ४२ अंश सेल्सिअस तापमान होते, आणि ते या शहराच्या आजवरच्या उच्चांकाच्या बरोबरीचे होते. सप्टेंबर लागला की उन्हाळा संपला, असे कॅलेंडर पाहून ठरवता येत नाही. तरीही माझी तक्रार उष्णतेविषयी नाही, कोरडेपणाविषयी आहे, आणि तक्त्यात नेमके त्याचे वर्णन नसते.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,२९० मीटर उंचीवर आहे. पूर्वेला वॉसॅच पर्वत, पश्चिमेला ओकर पर्वत आणि वायव्येला ते प्रसिद्ध खारे सरोवर. पॅसिफिककडून येणारी हवा कॅलिफोर्नियातली सिएरा नेवाडा पर्वतरांग ओलांडतानाच आपले पाणी टाकून मोकळी होते, मग नेवाडाचे वाळवंट पार करते, आणि इथे पोहोचते तेव्हा दुपारची आर्द्रता अनेकदा पंधरा टक्क्यांच्या खाली असते. घाम येतो, पण तो दिसायच्या आधीच उडून जातो, त्यामुळे आपल्याला घाम येत नाही असा समज होतो आणि माणूस पाणी पीत नाही. आमच्या मुलाचा दुसऱ्याच रात्री घोळणा फुटला. उशीवरचे रक्त पाहून पत्नी घाबरली, आणि मी प्रवासाची दगदग असेल असे म्हणून कूस बदलली. ती दगदग नव्हती, खोलीतली हवा होती. तेव्हा नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब पहिल्याच दिवशी आणावेत आणि मुलीच्या खोलीत हवा दमट करणारे यंत्र ठेवावे.

त्या आठवड्याचे पहिले दोन दिवस मात्र खरोखर सुंदर होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. सूर्य आठनंतर मावळायचा आणि त्यानंतर तासाभरात डोंगरातल्या घळींमधून गार वारा खाली उतरू लागायचा. उतारांवरची हवा रात्री थंड होऊन जड होते आणि पाण्यासारखी खोऱ्याकडे वाहते, इतके साधे ते आहे. आमचे घर ज्या घळीच्या तोंडाशी होते तिचे नाव एमिग्रेशन कॅन्यन, स्थलांतराची घळ. १८४७ च्या जुलैत मॉर्मन या धर्मपंथाच्या लोकांच्या गाड्या याच वाटेने खाली उतरल्या आणि जमीन इतकी कडक निघाली की, नांगर चालावा म्हणून त्यांना आधी ओढ्याचे पाणी शेतात वळवावे लागले. हे नाव मला तेव्हा गमतीचे वाटले होते. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या, सकाळी ऊन चढायच्या आत बंद करायच्या, हा इथला नियम आम्ही शेजाऱ्यांना पाहूनच शिकलो, आणि तिसऱ्या दिवशी त्याच नियमाने आमचा घात केला.

तिसऱ्या दिवशी धूर आला. तो इथल्या आगीचा नव्हता, कॅलिफोर्निया आणि आयडाहोतल्या वणव्यांचा होता, पण खोरे वाटीसारखे असल्यामुळे एकदा आत आला की वारा बदलेपर्यंत बाहेर जात नाही. सकाळी सूर्य केशरी थाळीसारखा दिसत होता आणि समोरचा ओकर पर्वत पुसल्यासारखा नाहीसा झाला होता. रात्रभर खिडक्या उघड्या होत्या. त्यात भर अशी की, जुन्या घरांमध्ये वातानुकूलनाऐवजी ज्याला इथे स्वॅम्प कूलर म्हणतात तो असतो. तो बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ओढतो. कोरड्या हवेत उत्तम चालतो, विजेचे बिलही कमी येते, पण धूर असेल तर धूरच घरात ओढतो. बंद करावा तर घर तापते, चालू ठेवावा तर घसा धरतो. घर बघायला जाल तेव्हा भाडे विचारण्याआधी छतावर काय बसवले आहे ते विचारा. ६ ऑगस्ट २०२१ रोजी काही काळ जगातल्या मोठ्या शहरांमध्ये सर्वांत वाईट हवा सॉल्ट लेक सिटीची होती. त्यामुळे मी एखाद्या अपवादाचे भांडवल करतो आहे असे समजू नये.

आता शाळा. इथल्या शाळा ऑगस्टच्या मध्यानंतर सुरू होतात, म्हणजे आपण याल तेव्हा वर्ग भरून आठवडाभर झालेला असेल. हवा किती दूषित आहे हे इथे रंगांनी सांगतात. ती पातळी नारिंगी झाली की दम्याच्या मुलांना मधल्या सुट्टीत आत ठेवतात, लाल झाली की सगळ्यांनाच. आमच्या मुलाला तेव्हा सौम्य दमा होता. इन्हेलर दप्तरात ठेवण्यासाठी शाळेला एका नमुन्यावर, म्हणजे छापील फॉर्मवर, डॉक्टरची सही हवी होती. आमच्या जुन्या डॉक्टरांचे पत्र शाळेने परत केले, कारण सही इथल्या डॉक्टरची हवी. इथल्या डॉक्टरकडे विम्याशिवाय जाणे परवडणारे नव्हते. आणि माझा विमा पुढल्या महिन्याच्या एक तारखेला सुरू होणार होता. तोवर इन्हेलर शाळेच्या कार्यालयात, आणि मुलगा मधल्या सुट्टीत ग्रंथालयात, एकटा. चार दिवसांचा प्रश्न आहे, असे मी पत्नीला म्हणालो. मी कामावर होतो; चार दिवस मोजणारी ती होती.

पण जे अजून सलते ते हे नव्हे. प्रवेशाच्या कागदांत घरच्या भाषेविषयीचा एक नमुना असतो: मूल पहिल्यांदा कोणती भाषा शिकले, घरात कोणती बोलली जाते. मी अभिमानाने दोन्हीकडे मराठी लिहिले. त्या उत्तरावरून मुलाची इंग्रजीची चाचणी ठरते, आणि ती चाचणी धुराच्या दुसऱ्या दिवशी झाली. तिच्यात ऐकणे, वाचणे, लिहिणे यांच्याबरोबर बोलणेही असते. ज्या मुलाचा आवाज बसला होता, ओठ फुटले होते, आणि तोंड उघडले की खोकला येत होता, तो मुलगा अनोळखी बाईंसमोर फार बोलला नाही. निकालात बोलण्याचे गुण तळाशी आले. इंग्रजी माध्यमातल्या शाळेत पहिली पूर्ण करून आलेल्या मुलाला आठवड्यातून काही तास वर्गातून उठवून दुसऱ्या खोलीत नेऊ लागले, आणि ते जवळजवळ दीड वर्ष चालले. त्या बाई चांगल्या होत्या. चाचणीतही खोट नव्हती. तिने त्या दिवशीचा मुलगा मोजला.

निकालाबरोबर पालकांसाठी एक पत्र आले होते. मी ते कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत, सही करून परत पाठवले. सहीच्या वरच्याच परिच्छेदात लिहिले होते की, ही वेगळी शिकवणी नाकारण्याचा अधिकार पालकांना आहे. लोकांनी सह्या करण्यापूर्वी कागद वाचून देणे हाच माझा पगाराचा धंदा, आणि मी तो परिच्छेद वाचला तो दोन वर्षांनी, घर बदलताना खोके आवरत असता. दरम्यान मुलाने स्वतःचा हिशेब मांडला होता: मराठी लिहिल्यामुळे वर्गातून उठावे लागते. त्याने घरात मराठी बोलणे हळूहळू सोडले. आम्ही मराठीत विचारतो, तो इंग्रजीत उत्तर देतो, आणि आता त्यावर कोणी काही म्हणत नाही. त्या नमुन्यात आपण काय लिहावे हे मी सांगू शकत नाही. खोटे लिहा असे म्हणवत नाही. एवढे मात्र म्हणतो की, त्या दिवशी मुलीचा घसा बसलेला असेल तर चाचणी पुढे ढकलण्याची विनंती करा. मी तशी विनंतीही केली नव्हती, कारण अशी विनंती करता येते हे माझ्या मनातच आले नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हवा पालटली. दुपारी ढग जमले आणि त्यांच्या खाली करडे पडदे लोंबू लागले. तो पाऊसच असतो, पण वाटेतच सुकून जातो, जमिनीला लागत नाही. त्याला इथे व्हर्गा म्हणतात. सुकताना तो हवा गार करतो, ती गार जड हवा धाडकन खाली येते, आणि पाण्याऐवजी आपल्या अंगावर धूळ आणि वारा येतो. आभाळाकडे पाहत उभे राहण्याची आपली सवय इथे धोक्याची आहे, कारण विजा मात्र खऱ्या असतात आणि असल्या कोरड्या विजांनीच डोंगरात नवे वणवे लागतात. मीही उभा राहिलो होतो. पाऊस दिसतो आणि भिजवत नाही, हे मला त्या दिवशी अपमानासारखे वाटले, आणि हे वाक्य वाचून आपण हसाल तर मी समजू शकतो.

इथले लोक मॉन्सून हा शब्दही वापरतात, त्यावर विसंबू नये. कॅलिफोर्नियाच्या आखाताकडून जुलै ते सप्टेंबरात येणाऱ्या दमट हवेला ते मॉन्सून म्हणतात आणि तिचा जोर राज्याच्या दक्षिणेला असतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या लेबर डेच्या सुट्टीत कोणी ना कोणी आपल्याला दक्षिणेकडच्या अरुंद दगडी घळी पाहायला नेऊ म्हणेल. १४ सप्टेंबर २०१५ रोजी हिल्डेल गावात अचानक आलेल्या लोंढ्यात तेरा जण गेले आणि त्याच दिवशी झायन राष्ट्रीय उद्यानातल्या एका घळीत सात जण. डोक्यावर निळे आभाळ असले तरी पाणी मैलोगणती दुरून येते. त्या सहलीला या वर्षी नाही म्हणा.

एकटेपणाविषयी आपण शेवटी एक ओळ विचारली आहे. तो असतो आणि सवय होते.

शनिवारी सकाळी उठलो तेव्हा ११ अंश तापमान होते. रात्री वायव्येचा वारा फिरला होता, धूर नाहीसा झाला होता, आणि वॉसॅचची प्रत्येक घडी मोजता येत होती. सरोवराकडून कुजकट खारा वास येत होता. वादळानंतर तो हमखास येतो, गटार तुंबले म्हणून घरमालकाला फोन करू नका, मी केला होता. मुलगा मागच्या अंगणात धावत सुटला. तो अखंड बोलत होता, थोडे मराठीत, थोडे इंग्रजीत, शेजारच्या मुलाशी कुंपणावरून, कुत्र्याशी, स्वतःशी. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो, त्याचा आवाज मोकळा झाला हे मला कळत होते, आणि चाचणी दोनच दिवसांपूर्वी झाली हेही ठाऊक होते. सोमवारी शाळेत जाऊन पुन्हा चाचणी घ्या म्हणायला एक तास पुरला असता. नव्या नोकरीच्या पहिल्याच आठवड्यानंतर तासभर मागणे मला बरे दिसले नाही.

शक्य असेल तर कुटुंबाला तीन आठवडे आधी आणा, म्हणजे घसा आणि नाक या हवेला सरावेल. ते जमणार नसेल तर नोकरीवर हजर होण्याची तारीख पुढे मागून घ्या. आपण मुलीच्या वयाविषयी लिहिले आहे, तिच्या श्वासाविषयी काही लिहिलेले नाही. तेवढे कळवलेत तर कोणता नमुना आधी भरून घ्यायचा ते मी सांगेन.