एका दिवसात मोठं आधुनिक कला संग्रहालय: आधी काय ठरवावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोठ्या शहरातलं आधुनिक कला संग्रहालय पहिल्यांदाच बघायचंय, हाताशी एकच दिवस आहे, सोबत 67 वर्षांची आई आणि 8 वर्षांची मुलगी. मॉडर्न आर्टमधलं फारसं कळत नाही, तरी सगळं बघून होईल का?

सगळं बघून होणार नाही, आणि तसा हट्टही धरू नका. साधा हिशेब करा. भिंतींवर 500 कलाकृती असतील आणि प्रत्येकीला फक्त एक मिनिट दिलं, तर आठ तास वीस मिनिटं लागतात. त्यात चालणं, रांग, बसणं, जेवण धरलेलंच नाही. म्हणून आठ ते दहा कलाकृती घरूनच ठरवून जा, प्रत्येकीला पाच-सात मिनिटं द्या, आणि वाटेत जे आपणहून थांबवेल त्यासाठी तासभर मोकळा ठेवा. एवढ्यात तीन तास आरामात जातात. तिघांसाठी तेवढे पुरेत.

यादी करण्याआधी एक गोष्ट तपासा: तुम्हाला हवी असलेली चित्रं नक्की त्याच संग्रहालयात आहेत ना? 'आधुनिक' म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1960-70 पर्यंतचा काळ, त्यापुढची ती समकालीन कला. पण प्रत्येक संग्रहालय ही रेघ वेगळ्या ठिकाणी मारतं. न्यूयॉर्कचं मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) 1880 च्या दशकापासून सुरू होतं, लंडनचं टेट मॉडर्न 1900 पासून. पॅरिसचं ओर्से 1848 ते 1914 एवढाच काळ सांभाळतं. त्यामुळे व्हॅन गॉगसाठी टेट मॉडर्नला गेलात तर चुकीच्या दारात उभे राहाल. नावांचा गोंधळही नेहमीचा. व्हॅन गॉगचं ते गाजलेलं 'द स्टारी नाइट' (1889) मोमात आहे, तर त्याच्या आदल्या वर्षीचं, ऱ्होन नदीवरच्या चांदण्या रात्रीचं चित्र ओर्सेत. 'सूर्यफुलं' तर अनेक शहरांत विखुरलेली आहेत. म्हणून चित्राच्या नावासोबत साल आणि संग्रहालय, तिन्ही जुळवून मगच यादीत घ्या.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते पुढच्या टप्प्यावर. चित्र संग्रहालयाच्या मालकीचं असणं वेगळं आणि त्या दिवशी भिंतीवर असणं वेगळं. मोठ्या संग्रहालयांच्या संग्रहाचा थोडाच भाग एका वेळी मांडलेला असतो, बाकीचं कोठारात. काही चित्रं दुसऱ्या शहरातल्या प्रदर्शनासाठी उसनी गेलेली असतात, काही दुरुस्तीला. आणि कागदावरची कामं, म्हणजे जलरंग, रेखाचित्रं, मुद्राचित्रं, फोटो, मुद्दामच फार काळ टांगत नाहीत. प्रकाशानं कागद पिवळा पडतो, रंग उडतो, आणि हे नुकसान भरून येत नाही. म्हणून अशा दालनांत प्रकाश 50 लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपास ठेवतात (तैलचित्रांना साधारण 200 पर्यंत चालतो) आणि काही महिन्यांनी ती कामं उतरवून अंधारात विश्रांतीला ठेवतात. अशा दालनात शिरल्यावर मंद वाटलं तर दोन मिनिटं नुसतं थांबा, डोळे सरावतात. ऑस्लोच्या मुंक संग्रहालयात तर चित्रकार मुंकच्या 'किंकाळी'ची चित्र, रेखाचित्र आणि मुद्राचित्र अशी तीन रूपं आहेत, पण एका वेळी एकच उघडं असतं. साधारण दर अर्ध्या तासानं ते झाकून दुसरं उघडतात. हे माहीत नसलं की माणूस 'आपल्याला हवं ते दिसलंच नाही' असं म्हणत बाहेर पडतो, खरं तर अर्धा-एक तास थांबण्याचा प्रश्न असतो.

तेव्हा जायच्या आदल्या आठवड्यात संग्रहालयाच्या संकेतस्थळावर 'कलेक्शन' विभाग उघडा, चित्राचं नाव टाका आणि 'ऑन व्ह्यू' (म्हणजे सध्या मांडलेलं) लिहिलेलं आहे का, कुठला मजला आणि दालन क्रमांक दिलाय, ते वहीत टिपा. हे आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा करा. इमारतच बंद नाही ना, हेही बघा. पॅरिसचं पाँपिदू केंद्र 2025 मध्ये मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झालं आणि ते काम काही वर्षं चालणार आहे. जुन्या प्रवासवर्णनांवर विसंबून अजूनही लोक तिथे जायचा बेत आखतात. आठवड्याची सुट्टीही सगळीकडे सोमवारी नसते. माद्रिदचं रेना सोफिया मंगळवारी बंद असतं, दिल्लीची राष्ट्रीय आधुनिक कला दीर्घा सोमवारी, तर मोमा आठवडाभर उघडं.

तिकिटाबद्दल फार काही नाही. वेळेचा स्लॉट असेल तर उघडण्याची पहिली वेळ घ्या. स्लॉट म्हणजे आत शिरायची वेळ, बाहेर पडायची नव्हे. विशेष प्रदर्शनाचं तिकीट बहुतेक ठिकाणी वेगळं असतं. टेट मॉडर्नमध्ये कायमचा संग्रह विनाशुल्क आहे, मोठ्या प्रदर्शनांना मात्र तिकीट लागतं. पहिल्याच भेटीत दोन्ही एका दिवसात कोंबू नका. विशेष प्रदर्शन एकटंच दीड-दोन तास खातं आणि मग कायमच्या संग्रहासाठी पायात जीव उरत नाही. एकदा बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, हे दारावर विचारून घ्या. आईंना मध्ये मोकळ्या हवेत बसायचं असेल तर हे आधी कळलेलं बरं.

आता मजल्यांचा क्रम. मोमात पाचव्या मजल्यावर 1880 ते 1940 चं दशक, चौथ्यावर 1940 ते 1970 चं, आणि दुसऱ्यावर त्यानंतरचं असा उतरता क्रम आहे. म्हणजे लिफ्टनं वर जाऊन काळासोबत खाली यायचं. पण सकाळची गर्दी थेट पाचव्यावर 'स्टारी नाइट'कडे धावते. पहिल्या दहा मिनिटांत तिथे पोचणार असाल तर जा, नाहीतर उलटं करा: दुसऱ्या मजल्यापासून सुरुवात आणि पाचवा शेवटी. लहान आकाराच्या चित्रांसाठी हे फारच महत्त्वाचं. दालीचं वितळत्या घड्याळांचं चित्र (1931) फक्त 24 × 33 सेंटीमीटरचं आहे, ए-फोर कागदाहून जरासं मोठं. त्याच्यापुढे वीस माणसं उभी असली की काहीही दिसत नाही. उलट माद्रिदच्या रेना सोफियातलं पिकासोचं 'गेर्निका' जवळजवळ साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद आहे, ते गर्दीतही डोक्यांवरून दिसतं. म्हणजे शांत वेळ, पहिली असो वा शेवटची, छोट्या चित्रांना द्या, मोठी गर्दीतही चालतात. दोन इमारती असतील तर नकाशा आधी बघा. टेट मॉडर्नच्या दोन्ही इमारती प्रत्येक मजल्यावर जोडलेल्या नाहीत, चुकीच्या मजल्यावरून पलीकडे जायचा रस्ता शोधण्यात आईंचे पाय उगाच दुखतील.

थकव्याचं कारण समजून घेतलं तर उपाय आपोआप सुचतो. 1916 मध्ये बेंजामिन इव्हज गिलमन यांनी संग्रहालयातल्या थकव्यावर लेख लिहिला होता. लेबल वाचायला आणि वस्तू बघायला माणसाला किती वाकावं, ताणावं लागतं याचे फोटोच त्यांनी दिले होते. शंभर वर्षांनंतरही तेच होतं: हळू चालणं, थांबणं, मान उंचावणं, पुन्हा वाकणं. सरळ चालण्यापेक्षा हे जड जातं. त्यामुळे वेळ आपल्या पायांनी ठरवायची नाही, तर घड्याळानं: दर 40-45 मिनिटांनी दहा मिनिटं बसायचं, थकलो नसलो तरी. आईंसाठी व्हीलचेअर किंवा घडीचं स्टूल बहुतेक मोठ्या संग्रहालयांत मागितल्यावर मिळतं, पण क्लोकरूमपाशी आत शिरतानाच मागा, नंतर संपलेली असतात. 'मला काय गरज' असं त्या म्हणतील, तरी घ्या. चित्रासमोर बसून बघण्यासारखं सुख नाही. पातळ स्वेटर किंवा शाल हवीच, कारण तापमान आणि दमटपणा चित्रांच्या सोयीनं ठरवलेला असतो, आणि स्थिर बसलेल्या माणसाला तो गार लागतो.

पाठीवरची सॅक क्लोकरूममध्ये ठेवा किंवा पोटावर घ्या. वळताना मागची सॅक कशाला लागते ते आपल्याला दिसत नाही, अपघात होतात ते असेच. मोठ्या बॅगा आणि सुटकेस क्लोकरूमही घेईल याची खात्री नसते, म्हणून हॉटेल सोडून सामानासकट जाऊ नका. छत्री, सेल्फी स्टिक, ट्रायपॉड आत नाही. चित्र काढायचं असेल तर पेन्सिल घ्या, पेन नको.

मुलीला 'हात लावू नकोस' एवढंच सांगू नका, कारण सांगा. मुलांना ते पटतं. जुन्या तैलचित्रांवर बहुधा वॉर्निशचा थर असतो, घाण त्या थरावर बसते आणि थर काढता येतो. आधुनिक चित्रकारांपैकी अनेकांनी वॉर्निश मुद्दाम लावलंच नाही, काहींनी तर रंग कच्च्या कॅनव्हासमध्ये मुरवला. तिथे बोटाचा तेलकट ठसा थेट रंगात जातो. 2012 मध्ये टेट मॉडर्नमधल्या, अमूर्त चित्रकार रॉथ्कोच्या एका चित्रावर एकानं शाईनं लिहिलं. ती शाई खालच्या थरांत उतरली होती, आणि चित्र पुन्हा भिंतीवर यायला 2014 उजाडलं. 2025 मध्ये रॉटरडॅममध्ये रॉथ्कोच्याच दुसऱ्या एका चित्रावर लहान मुलाच्या हातून ओरखडे पडले. तेव्हा नियम सोपा ठेवा: चित्रापासून मोठ्या माणसाच्या एका हाताइतकं अंतर, आणि दाखवताना बोट पुढे न करता 'वर डावीकडे, पिवळ्याच्या शेजारी' असं तोंडानं सांगायचं. मुलीला हा खेळ म्हणून आवडतो, आणि तिच्यामुळे मोठ्यांनाही नीट बघावं लागतं. जमिनीवर ठेवलेल्या कामांकडे विशेष लक्ष असू द्या. फोटो काढताना मागे सरकत सरकत माणसं त्यांवर पडतात. आठ वर्षांच्या मुलाचा उत्साह साधारण दीड तास टिकतो. कुटुंबांसाठीची कृतिपत्रिका स्वागतकक्षावर मागून घ्या.

'कळत नाही' याबद्दल. आधी लेबल वाचू नका. दोन मिनिटं नुसतं चित्र बघा, मग लेबल, मग पुन्हा चित्र. अमेरिकेतल्या एका मोठ्या संग्रहालयात केलेल्या, 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लोक एका कलाकृतीपुढे सरासरी 27 सेकंद थांबत असल्याचं दिसलं होतं, आणि त्यातच लेबल वाचणंही आलं. तेवढ्यात कोणालाच काही कळणार नाही, जाणकारालाही नाही.

उदाहरणार्थ मॉन्द्रियान घ्या, काळ्या रेघा आणि लाल-पिवळे-निळे चौकोनवाला. पाच पावलांवरून ते छापल्यासारखं सपाट दिसतं आणि 'हे कोणीही काढेल' असं वाटतं. मग हातभर अंतरापर्यंत या आणि थोडं बाजूनं बघा. पांढरा हा एक पांढरा नसतो. एका चौकोनात ब्रश आडवा फिरलाय, शेजारच्यात उभा, त्यामुळे दोन्ही पांढऱ्यांवर प्रकाश वेगळा पडतो. काही काळ्या रेघा कॅनव्हासच्या कडेपर्यंत पोचतच नाहीत, थोड्या अलीकडे थांबतात. रेघ काळ्या रंगाची असली तरी तिला पोत आहे, कुठे कुठे बारीक तडेही गेलेत. आता पुन्हा पाच पावलं मागे जा. तेच चित्र आता सपाट दिसत नाही. छापील पुस्तकात किंवा फोनवर हे कधीही कळत नाही, आणि एवढ्यासाठीच तिथवर जायचं असतं. अमूर्त चित्रांत 'हे कशाचं चित्र आहे' ऐवजी 'आधी कुठला रंग लागला, नंतर कुठला' हा प्रश्न विचारा. आपले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या कॅनव्हासवर रोलर आणि पॅलेट नाइफनं चढवलेले आणि खरवडलेले थर असेच कडांवरून वाचता येतात.

लेबलवरचा शेवटचा बारीक, मध्ये टिंब असलेला क्रमांकही वाचायचा सोडू नका. 'स्टारी नाइट'चा मोमातला क्रमांक 472.1941 आहे, म्हणजे ते 1941 मध्ये संग्रहात आलं. चित्र 1889 चं, संग्रहालयात आलं अर्ध्या शतकानंतर, हे त्या एका आकड्यातून कळतं. मापं देताना उंची आधी, रुंदी नंतर असते. 'माध्यम' ही ओळ तर नक्की वाचा. समोर चकचकीत रंग दिसतो आणि तिथे लिहिलेलं असतं घरांना लावायचं एनॅमल, तेव्हा अर्धं चित्र तिथेच उलगडतं. डुशाँच्या 'फाउंटन'च्या (कलाकृती म्हणून मांडलेलं साधं मूत्रपात्र) लेबलवर 1917 सोबत 1964 लिहिलेलं दिसलं तर चूक समजू नका. मूळ वस्तू हरवली आहे, संग्रहालयांत आहेत त्या नंतर केलेल्या प्रती.

व्हिडिओच्या अंधाऱ्या खोलीत शिरण्याआधी दारावरची लांबी बघा. चार मिनिटंही असेल, चाळीसही, आणि क्रिश्चन मार्क्लेचं 'द क्लॉक' तर 24 तासांचं आहे. छोटं असेल तर सुरुवातीपासून, लांब असेल तर दहा मिनिटं बसून उठलात तरी चालतं.

फोटो फ्लॅशशिवाय बहुतेक ठिकाणी चालतो, पण दालनागणिक नियम बदलतो. 'गेर्निका'चे फोटो काढायला 2023 पर्यंत मनाई होती. काढायचाच तर चित्राचा एक आणि लगेच लेबलचा एक, याच क्रमानं. घरी गेल्यावर तो क्रमांक संकेतस्थळावर टाकला की नेमकं तेच काम सापडतं. 'अनटायटल्ड' नावाची शेकडो चित्रं असतात, नावानं शोधणं अशक्य.

बंद व्हायच्या वेळेवर विसंबू नका. दालनं साधारण पंधरा मिनिटं आधीच रिकामी करायला लागतात आणि क्लोकरूमची रांग तेव्हाच वाढते. यादीतलं शेवटचं काम बंद होण्याच्या किमान पाऊण तास आधी बघून झालेलं असू दे. वेळ उरली तर नवीन दालनात शिरू नका. आठ-दहातलं जे मुलीला सगळ्यात आवडलं असेल, त्याच्यासमोर तिघं परत एकदा जाऊन बसा.