वेस स्टुडी यांची अभिनय कारकीर्द एवढी महत्त्वाची का मानली जाते?

अमेरिकेतील चेरोकी या मूलनिवासी समाजात १९४७ साली ओक्लाहोमा राज्यात जन्मलेल्या वेस स्टुडी यांना शाळेत जाईपर्यंत चेरोकीखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. व्हिएतनाम युद्धातून परतल्यावर ते मूलनिवासींच्या हक्कांसाठी १९७३ मध्ये वूंडेड नी येथे झालेल्या आंदोलनात उतरले आणि चित्रपटांत आले ते थेट चाळिशी ओलांडल्यावर.

‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’ (१९९२) मधील मागुआ हा खलनायक मला त्यांचे सर्वोत्तम काम वाटतो. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या तरुणीकडे पाहत तो सुरी खाली करतो, रक्ताळलेल्या हाताने तिला परत बोलावतो, आणि तेवढ्या वेळात, एकही शब्द न उच्चारता, त्या निर्दय माणसाच्या चेहऱ्यावर संभ्रम उमटतो. खलनायकाला माणूसपण देणारा असा अभिनय विरळाच!

पुढच्याच वर्षी त्यांनी जेरोनिमो या अपाची मूलनिवासी योद्ध्याची भूमिका केली. ‘हीट’ या चित्रपटात ते पोलीस अधिकारी झाले, दूरचित्रवाणीवर नाव्हाहो या मूलनिवासी समाजातील पोलीस अधिकारी जो लीपहॉर्न, तर अलीकडे ‘रिझर्व्हेशन डॉग्स’ मालिकेत वृद्ध बकी. २०१८ च्या ऑस्कर सोहळ्यात ते मंचावरून चेरोकीत बोलले, आणि २०१९ मध्ये मानद ऑस्कर मिळवणारे पहिले अमेरिकी मूलनिवासी अभिनेते ठरले.