शेंडे कोण खातंय, मुळं कोण खातंय?

प्रश्न : आठ महिन्यांच्या डाळिंब बागेत काही रोपांचे शेंडे तुटलेत, काही रोपं पिवळी पडून दुपारी माना टाकतात. शेजारी म्हणतात, दोन्ही उद्योग सशाचेच. खरं का?
– एक बागायतदार, सांगोला तालुका

उत्तर : शेंडे सशाने खाल्ले असतील, पण पिवळेपणाशी त्याचा संबंध नाही. तुटलेली काडी हातात घ्या. रानससा ती तिरकी आणि साफ कापतो. शेळीला वरचे पुढचे दात नसतात. ती ओढून तोडते, म्हणून सालीचे धागे लोंबतात. आसपास सशाच्या गोल, गवताच्या चुऱ्याच्या लेंड्या दिसल्या की शंका मिटली.

दुपारी सुकलेलं रोप संध्याकाळी सावरत असेल, तर मुळं तपासा. वाफसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिखल नसताना, ड्रिपरजवळ 15 ते 20 सेंमी खणून बारीक मुळं सोडवा. उपटू नका, गाठीची मुळं मातीतच तुटून राहतात. पाण्यात धुतल्यावर मूळच जागोजागी फुगलेलं दिसलं, तर तो सूत्रकृमी, म्हणजे मुळांत राहणारा धाग्यासारखा सूक्ष्म कृमी. त्याचं पिल्लू अर्धा मिलिमीटरही नसतं. मुळाच्या टोकामागून शिरतं आणि तिथेच मुक्काम ठोकतं. मादी शेकडो अंडी घालते, बहुधा नराशिवायच, आणि उबदार जमिनीत महिनाभरात पुढची पिढी तयार. इथेच बरेच जण फसतात : पिवळेपणा पाहून फेरस सल्फेट, युरिया देत राहतात. अन्न-पाणी वर नेणारी वाटच अडलेली असते, खत काय करणार? शिवाय या जखमांतून मर रोगाच्या बुरशीला आयती वाट मिळते. आमच्या मते ससा आणि सूत्रकृमी या दोघांत धास्ती घ्यायची ती सूत्रकृमीचीच.

सशासाठी बागेभोवती तीन फुटी, इंचभर छिद्रांची जाळी पुरते. खालची वीतभर जाळी बाहेरच्या बाजूला जमिनीवर दुमडून दगड ठेवा, नाहीतर तो खालून घुसतो. फास किंवा विष मुळीच नको. 1972 च्या वन्यजीव कायद्याने सशाची शिकार गुन्हा आहे.

सूत्रकृमीसाठी रोपागणिक अर्धा ते एक किलो निंबोळी पेंड, त्यात परप्युरिओसिलियम लिलासिनम ही उपयुक्त बुरशी मिसळून, मुळांच्या पट्ट्यात द्या आणि ओल टिकवा. कोरड्या मातीत बुरशी वाढत नाही. ओळींमध्ये झेंडू दाट लावा. टोमॅटो, वांगी, भेंडी आंतरपीक म्हणून घेऊ नका, सूत्रकृमी त्यांवर पोसतो. नांग्या (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरायची रोपं घेताना एखादी पिशवी फोडून मुळं बघा. बऱ्याच बागांत तो रोपवाटिकेतूनच येतो.

खात्री करायची तर पाव किलो ओली माती व थोडी मुळं प्लॅस्टिक पिशवीत बांधून, ऊन न लागू देता कृषी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत द्या. वाळलेल्या मातीतून मोजणी नीट होत नाही.