जिनिव्हाला कंपनीच्या कामाला चाललायस ना, मग माँत्रो सोडू नकोस

अरे पहिलीच फॉरेन ट्रिप आणि तू क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरीचा एवढा फॅन, तर एक रविवार आत्ताच मोकळा ठेव. नाशिकच्या सातपूरहून मशीनच्या ट्रायलला जाणाऱ्या आपल्या पोरांचं काय होतं, हॉटेल, कारखाना, परत हॉटेल, नि शेवटच्या दिवशी चॉकलेटं. मीही पहिल्या वेळी तेच केलं आणि अजून हळहळ वाटते.

जिनिव्हाहून ट्रेनने साधारण तासाभरात माँत्रो येतं, उजव्या हाताच्या खिडकीत बस, तळं तिकडे दिसतं. काठावर फ्रेडीचा पुतळा आहे, १९९६ मध्ये तिथे अनावरण झालेला, मूठ वर केलेला. १९७९ मध्ये क्वीनने तिथला माउंटन स्टुडिओच विकत घेतला होता आणि शेवटच्या काळात फ्रेडी तिथेच रेकॉर्डिंग करायचा, आजारी असून. १९९५ च्या 'मेड इन हेवन'च्या कव्हरवर, म्हणजे अनावरणाच्या आधीच, हाच पुतळा आहे, त्यामुळे तो अल्बम तळ्याकाठीच ऐक, घाईत नको, पूर्ण ऐक. स्टुडिओची जागा बघायचीये तर उघडी आहे का ते आधी चेक कर.

गाणी इथूनच डाउनलोड करून ने, रोमिंगच्या भरवशावर राहू नको. ट्रेनचा डे पास लवकर काढला की स्वस्त पडतो.

आणि हो, हा माणूस लहानपणी आपल्या पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलाय, पहिला बँड तिथेच. मी तर कसारा घाट उतरतानाच हेडफोन लावतो, मुंबई एअरपोर्ट येईपर्यंत मूड तयार असतो बघ.