इलेक्ट्रॉनिक एअर रायफलमध्ये सुरक्षितता आणि सोयीच्या दृष्टीने कोणत्या सुधारणा व्हायला हव्यात?

दहा मीटर नेमबाजीसाठी इलेक्ट्रॉनिक ट्रिगरची रायफल घेण्याचा आपला विचार आहे आणि तिच्यात अजून काय सुधारायला हवे, असे आपण विचारले आहे. सोलापुरातील एका छोट्या रेंजवर मी काही वर्षांपासून मुलांच्या सरावावर देखरेख करतो. तेथे जे पाहिले त्यावरून लिहितो.

यांत्रिक ट्रिगरमध्ये बोटाचा दाब खटक्यांच्या साखळीतून हातोडीपर्यंत पोहोचतो. इलेक्ट्रॉनिक ट्रिगरमध्ये बोट केवळ एक स्विच किंवा संवेदक चाळवते आणि पुढचे काम विद्युतचुंबक करतो. त्यामुळे ट्रिगर एकसारखा चालतो, हे खरे. पण रायफल या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, हे बाहेरून कळत नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे. एअर पिस्तुलाच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाबाची अट असते, एअर रायफलला तशी अट नाही, आणि मुले ट्रिगर इतका हलका ठेवतात की बोट टेकताच वार सुटावा.

आमच्याकडे एका मुलाने ड्राय फायर, म्हणजे पेलेट (छर्रा) न सोडता नुसता ट्रिगर दाबण्याचा सराव, चालू आहे असे समजून निशाण धरले. प्रत्यक्षात ड्राय फायर निवडण्याचा स्विच दुसऱ्या बाजूला होता आणि आदल्या वेळचा पेलेट बॅरलमध्येच होता. पेलेट समोरच्या भिंतीत गेला, एवढ्यावरच निभावले. चूक मुलाची होतीच, पण नखाएवढ्या स्विचवर इतका भरवसा टाकणाऱ्या रचनेचीही होती. म्हणून ड्राय फायर निवडल्यावर हवेची झडप यांत्रिकरीत्याच अडकली पाहिजे, आणि ही अवस्था शेजारच्या लेनवर उभ्या असलेल्या प्रशिक्षकालाही दिसेल अशा ठळक रंगाच्या खुणेने कळली पाहिजे. इवलासा दिवा त्यासाठी पुरेसा नाही. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये शिरणाऱ्या उन्हात तो पेटला आहे की नाही, हे मलाही ओळखता येत नाही. पेलेट भरण्याची कळ उघडी असताना विद्युत मंडल तुटलेले असणे हेही सक्तीचे असावे. सेफ्टी फ्लॅगची दोरी बॅरलभर घालण्याचा नियम यामुळे सैल होऊ नये, कारण बॅरल रिकामे आहे याची खात्री दोरीच देते.

बॅटरी उतरल्यावर रायफलने अर्धवट जोराचा वार सोडण्यापेक्षा वार सोडायलाच नकार द्यावा. लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर असताना किंचित कमी वेगाचा पेलेटही गुण घालवतो, आणि नेमबाज दोष मात्र स्वतःच्या श्वासाला देत बसतो. काही मिनिटे हालचाल न झाल्यास रायफल आपोआप बंद व्हावी, परंतु पुन्हा चालू होताना ती नेहमी ड्राय फायरच्याच अवस्थेत यावी.

रायफलला लावायच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक नाही, तरी सोलापूरच्या उन्हाळ्यात तो टाळता येत नाही. ३० अंश तापमानाला २०० बार दाबाने भरलेला सिलिंडर बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला, तर दाब सुमारे २२० बार होतो. सिलिंडरची मुदत साधारणपणे निर्मितीपासून दहा वर्षे धरतात. ती तारीख बारीक कोरलेली असते आणि सिलिंडर रायफलला लावल्यावर अनेकदा खालच्या बाजूला जाते. दाबमापकाशेजारीच ती मोठ्या आकड्यांत हवी.

सोयीबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. चार्जिंगसाठी मोबाइलचीच टाइप-सी वायर चालावी, आणि बॅटरी पेचकस न लागता काढता यावी, म्हणजे भारनियमनाच्या दिवशी भरलेली दुसरी बॅटरी घालून सराव चालू ठेवता येईल.