घड्याळ, घाम आणि खारी हवा

प्रश्न : रोज सकाळी मिरामारहून दोनापावलपर्यंत पळत जातो आणि परत येतो. सोबत्याशी बोलत पळतो, धाप लागलेली नसते, तरी पहिल्या दहा मिनिटांत घड्याळ नाडीचे ठोके १७४ दाखवतं. मग एकदम १३८ वर येतं. वय ४६. घड्याळ बदलू की डॉक्टरांकडे जाऊ? (एक वाचक, पणजी)

उत्तर : आधी पट्टा एक भोक घट्ट करा. तुमचं घड्याळ त्या दहा मिनिटांत बहुतेक ठोके मोजतच नाही, पावलं मोजतं. मागच्या काचेतून हिरवा प्रकाश कातडीत जातो. रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर तो कमी-जास्त शोषला जातो आणि त्या चढउतारावरून नाडी काढली जाते. पट्टा सैल असला की हाताच्या हेलकाव्याबरोबर घड्याळही मनगटावर सरकतं, आणि या सरकण्याचा ताल रक्ताच्या तालावर मात करतो. पळताना मिनिटाला साधारण १६० ते १८० पावलं पडतात. तुमचे १७४ तिथलेच. सुरुवातीला अंग तापलेलं नसतं, मनगटाच्या कातडीत रक्त कमी खेळतं, म्हणून घोटाळाही तेव्हाच होतो.

खात्री करायची असेल तर पळून झाल्यावर ॲपमध्ये ठोक्यांचा आणि केडन्सचा, म्हणजे पावलांच्या गतीचा, आलेख एकावर एक ठेवून बघा. पहिली दहा मिनिटं दोन्ही रेघा चिकटून चालल्या असतील तर निदान झालं. नाहीतर १७४ दिसताच थांबा, गळ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि ४ ने गुणा. पूर्ण मिनिट मोजत बसू नका, थांबल्यावर ठोके भराभर उतरतात.

पळताना घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या बाजूला असावं. ते धरून हलवलं तर खालची कातडीही सोबत हलली पाहिजे. पळून झालं की पट्टा पुन्हा सैल करा. सनस्क्रीनचा किंवा खोबरेल तेलाचा थर काचेवर असेल तर पुसून टाका. गोंदलेल्या मनगटावर घालू नका, शाई प्रकाश अडवते. एवढं करूनही आकडे उड्या मारत असतील, किंवा तुम्ही मिनिटभर जोरात, मिनिटभर हळू असा सराव करत असाल, तर छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संदेश टिपतो, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळासारखा मागे राहत नाही. लावण्याआधी त्याचे इलेक्ट्रोड पाण्याने ओले करा. कोरडा लावलात तर घाम येईपर्यंत तोही वेड्यासारखे आकडे देतो.

गळ्यावर मोजूनही रमतगमत पळताना १७० च्या आसपास येत असतील, चक्कर येत असेल किंवा छातीत दाटत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. घड्याळातल्या ईसीजीवर विसंबू नका, तो हार्ट अटॅक ओळखू शकत नाही.

प्रश्न : अर्धमॅरेथॉनमध्ये घड्याळाने २१.४ किमी दाखवले. वेग ६:०० चा, म्हणजे किलोमीटरला ६ मिनिटांचा, धरला होता, तरी २ तास ७ मिनिटांचं लक्ष्य हुकलं. अंतर चुकीचं आखलं होतं का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : आयोजकांना बोल लावण्याआधी हिशेब बघा. अर्धमॅरेथॉन २१.०९७५ किमीची. मार्ग मोजतात तो वळणाच्या आतल्या कडेने, पळणाऱ्याला शक्य तेवढ्या आखूड रेषेवर. आपण मात्र पुढच्याला बाहेरून ओलांडतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जातो. त्यात जीपीएसचा प्रत्येक बिंदू थोडा इकडेतिकडे पडतो. दोन्ही मिळून तीनशे मीटर सहज वाढतात. खऱ्या अंतरावर ६:०० चा वेग म्हणजे २ तास ६ मिनिटं ३५ सेकंद. तोच वेग २१.४ किमीवर धरलात की २:०८:२४. पुढच्या वेळी घड्याळावर ५:५५ दिसत राहील असं पळा. त्याहून चांगलं म्हणजे ऑटो लॅप, म्हणजे दर किलोमीटरला घड्याळाने आपोआप करायची वेळेची नोंद, बंद करा आणि रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकापाशी लॅपचं बटण स्वतः दाबा.

जीपीएस लागल्याची खूण दिसेपर्यंत मोकळ्या आकाशाखाली उभे राहा, पळत सुटून वाट बघू नका. उपग्रह कुठे असतील याची माहिती घड्याळ फोनवरून घेतं आणि ती काही दिवसांतच शिळी होते. आठवडाभर सिंक केलं नसेल तर वेळ लागणारच. पणजीत मळ्याच्या बोळांत भिंतींवरून लहरी उलटतात, आल्तिनोवर झाडी आड येते, तिथली वाकडी रेघ मनावर घेऊ नका. पारख करायची तर पाटो ते रायबंदर या जुन्या बांधरस्त्यावर पहाटे वाहनं नसताना करा. रस्ता जवळजवळ सरळ, दोन्ही बाजूंना मोकळं आकाश. तिथेही रेघ नागमोडी आली तर सेटिंगमध्ये बॅटरी बचत चालू आहे का बघा, आणि नोंद दर सेकंदाला होईल असं करा.

प्रश्न : कोलव्याला समुद्रात पोहतो. घड्याळावर ५ एटीएम लिहिलंय, तरी आता चार्ज होत नाही. मागच्या चार्जिंगच्या टिकल्या हिरवट झाल्यात. (एक वाचक, कोलवा)

उत्तर : पाणी आत गेलेलं नसावं, मीठ बाहेर साचलंय. खारट ओल असताना चार्जर लावला की दोन टिकल्यांमधल्या त्या ओलीतून वीज वाहते आणि वरचा मुलामा खाल्ला जातो. घाम हेही खारं पाणीच, त्यामुळे कधीच न पोहणाऱ्यांचीही घड्याळं गोव्यात अशी जातात.

घड्याळ बंद करा. गोड्या पाण्यात भिजवलेल्या मऊ, जुन्या टूथब्रशने टिकल्या घासा. पुसून झाल्यावर कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुन्हा पुसा. चार्जरच्या पिनाही अशाच स्वच्छ करा, निम्मा दोष तिथेच असतो. तासभर वाळू द्या, मग चार्ज करा. सुरीने किंवा पॉलिश कागदाने खरवडू नका. खड्डे पडले असतील तर सर्व्हिस सेंटरशिवाय गत्यंतर नाही. तांदळाच्या डब्यातही ठेवू नका, पिठूळ धूळ भोकांत बसते. बाजूची बारीक भोकं हवेच्या दाबमापकाची असतात. ती मिठाने बुजली की घड्याळावरची उंची घरबसल्या चढते-उतरते. तिथे टाचणी घालू नका, गोड्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवून ठेवा.

५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल जाण्याचा परवाना नव्हे, तेवढ्या स्थिर दाबाची चाचणी. पोहा, पण जेट स्कीवर आणि स्कूबाला नेऊ नका. पाण्याखाली बटणं दाबू नका. साबण आणि कढत पाणी रबरी सील खराब करतं, तेव्हा आंघोळीला काढून ठेवलेलं बरं.

प्रश्न : पळायला आणि ऑफिसला एकच घड्याळ हवंय. मनगट बारीक आहे, साडीवर बरं दिसायला हवं. सिलिकॉनच्या पट्ट्याने पुरळही येतं. (एक वाचिका, म्हापसा)

उत्तर : तबकडी ४० ते ४२ मिमीची घ्या. ४७ ची बारीक मनगटावर कडेने उचललेली राहते, आणि उचललं की नाडी चुकली. पट्टा खटक्याने निघणारा हवा, रुंदी २० किंवा २२ मिमी, म्हणजे बाजारात कुठलाही बसतो. ऑफिससाठी धातूच्या जाळीचा किंवा चामड्याचा एक वेगळा ठेवा, पण चामडं लावून पळू नका, घामाने आठवड्यात वास मारेल. ॲमोलेड पडदा सुंदर दिसतो, मात्र कायम चालू ठेवला तर बॅटरी झपाट्याने उतरते. मनगट वळवल्यावर उजळणारा ठेवा.

पुरळ बहुधा पट्ट्याखाली कोंडलेल्या घामाचं असतं. पळून आल्यावर मनगट आणि पट्टा दोन्ही धुऊन कोरडे करा, रात्री दुसऱ्या हातात घाला. कापडी पट्टा हवेशीर, पण पावसाळ्यात वाळता वाळत नाही, तेव्हा दोन लागतील. पुरळ बकलाच्या जागीच येत असेल तर निकेल धातूच्या ॲलर्जीचा संशय धरा.

प्रश्न : एप्रिलपासून घड्याळावरचा व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा, घसरतोय. सराव तोच आहे. (एक वाचक, फोंडा)

उत्तर : घसरलात तुम्ही नव्हे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, त्याच वेगाला ठोके वाढतात, आणि घड्याळ त्याचा अर्थ दम कमी झाला असा लावतं. या मे महिन्याची तुलना मागच्या मे महिन्याशी करा, जानेवारीशी नको. कमाल ठोक्यांचा आकडाही तपासा. २२० उणे वय हा अंदाज दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके कमी ठेवणारं औषध, घेत असाल तर ठोक्यांवरचे झोन, म्हणजे सरावाच्या जोराचे टप्पे, तुमच्या कामाचे नाहीत, ‘बोलता येतंय का’ हीच कसोटी वापरा.

प्रश्न : पावसात पळताना घड्याळ आपोआप थांबतं. (एक वाचक, डिचोली)

उत्तर : थेंबाला पडदा बोट समजतो. सुरुवात केल्यावर टच लॉक लावा आणि बटणांनी चालवा. लांब बाहीचं जॅकेट असेल तर बाही घड्याळावर ओढू नका, ओलं कापडही तेच करतं.