स्मरणिकेची पानं जेपीजी करून देण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. वाचनालयाची ६४ पानी स्मरणिका, इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, चार रंगांत ऑफसेटला जाणार. प्रेसमध्ये ओपन फाइल, म्हणजे इनडिझाइनची मूळ फाइल, उघडली तर ‘विद्यार्थी’ फुटला, जोडाक्षरांचे तुकडे झाले. आणि आता ते म्हणताहेत, ‘सगळ्या पानांचे जेपीजी करून द्या, फॉन्टची कटकटच नको.’ तुमचा प्रश्न असा, की जेपीजी द्यावं की पीएनजी.

दोन्ही देऊ नका. पीएनजी तर नकोच, त्यात सीएमवायके, म्हणजे छपाईचे चार रंग (सायन, मॅजेन्टा, पिवळा, काळा), नसतंच. पण खरा धोका फॉरमॅटच्या नावात नाही, अख्खं पान चित्र करून देण्यात आहे. मी हे करून बसलो आहे, म्हणून एवढ्या कळकळीनं लिहितोय.

आमच्या गावच्या संस्थेची ९६ पानी स्मरणिका होती, म्हणजे सोळा पानी सहा फर्मे (एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेली पानं म्हणजे एक फर्मा). प्रेस नवीन, दर बरा, आणि मागणी तुमच्यासारखीच: पानागणिक जेपीजी, ३०० रिझोल्यूशन (इंचाला ३०० पिक्सेल). मी मुकाट्यानं दिले. डिजिटल मशीनवरचं प्रूफ (तपासायची नमुना प्रत) आलं, छान दिसलं, मी सही केली. आठ दिवसांनी गठ्ठे आले. पहिलाच गठ्ठा सोडला आणि मधलं एक पान उघडलं, तर शिरोरेखेच्या वरच्या कडेला बारीक गुलाबी रेघ, खालच्या कडेला निळसर. संपूर्ण पानभर, प्रत्येक ओळीला. भिंगाखाली अनुस्वार पाहिला तर एका टिंबाच्या जागी तीन रंगांची तीन टिंबं एकमेकांवर चढलेली. संस्थेच्या एका जुन्या सभासदांनी प्रत हातात घेतली, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, परत पुसला. त्यांना वाटलं डोळ्यांचाच दोष. तो प्रसंग मी विसरू शकत नाही.

झालं होतं असं. ऑफसेटला प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट असते. माझ्या फाइलमध्ये मजकूर शुद्ध काळा होता, फक्त काळ्या प्लेटवर १०० टक्के. इनडिझाइनमधून जेपीजी काढताना रंगाचा पर्याय आरजीबीवरच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरवा-निळा रंगांवरच राहिला. प्रेसनं ते परत सीएमवायके केलं. या फेऱ्यात तोच काळा साधारण सायन ७०, मॅजेन्टा ६७, पिवळा ६४, काळा ७४ असा होऊन बसतो (आकडे सेटिंगप्रमाणे थोडे बदलतात). म्हणजे अकरा पॉइंटचं प्रत्येक अक्षर चार प्लेटांवर गेलं. ऑफसेटला चार रंग केसभर मागेपुढे होणारच. फोटोत ते खपून जातं, बारीक अक्षरात नाही. आणि डिजिटल प्रूफ ऑफसेटच्या प्लेटांवरून निघत नाही, त्यामुळे हा दोष त्यात दिसलाच नाही.

शिवाय ३०० रिझोल्यूशनला एक पिक्सेल सुमारे ०.०८५ मिलिमीटरचा. लहान टाइपाची शिरोरेखा दोन-तीन पिक्सेलांत बसवायची, त्यावर जेपीजी चित्राचे आठ गुणिले आठचे चौकोन पाडून माहिती गाळणार. रफार, अनुस्वार, ‘ऱ्या’तला रकार यांची कड मळकट होते ती इथे. लॅटिन अक्षरापेक्षा देवनागरीला याचा मार जास्त बसतो असं माझं मत आहे.

तक्रार घेऊन गेलो तर रंग एकमेकांवर नेमके बसण्याबद्दल (यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात) उत्तर आलं, ‘रजिस्ट्रेशनला एवढा फरक चालतो, आणि फाइल तुम्हीच दिली.’ मशीनवाल्याचं चुकलं नव्हतं, हे मी मान्य करतो. पण जेपीजी मागितले कुणी? ज्या टेबलावरून ते मागितले गेले, तिथल्या एकानंही शेवटपर्यंत ‘आमची सूचना चुकली’ असं म्हटलं नाही. प्रूफवर सही माझी, म्हणून सगळ्यात वाईट आलेले दोन फर्मे मी माझ्या मजुरीतून पुन्हा छापून घेतले. पैशापेक्षा ती टोलवाटोलवी जास्त लागली. असो.

आता तुमचं काम. प्रेसला पीडीएफ द्या, एक्सपोर्ट करताना तयार सेटिंग (प्रीसेट) पीडीएफ/एक्स-१ए निवडा. २००१ पासूनचं हे मानक जुन्या रिपलाही (फाइलवरून प्लेटसाठीचे ठिपके बनवणाऱ्या प्रेसच्या सॉफ्टवेअरला) पचतं: फॉन्ट आतच एम्बेड झालेले, म्हणजे फाइलमध्येच भरलेले हवेत, आरजीबी चालत नाही, पारदर्शकता (सावल्या, अर्धपारदर्शक भाग) सपाट केलेली असते. अक्षरं त्यांच्या कॉम्प्युटरवर फुटतात ती ओपन फाइल उघडल्यामुळे, फॉन्ट नसतो किंवा वर्ल्ड-रेडी कंपोझर (इनडिझाइनमधली जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) बंद असतो म्हणून. एम्बेड केलेल्या पीडीएफमध्ये तो प्रश्न राहत नाही. प्रेस नवी असेल आणि स्वतःहून एक्स-४ (याच मानकांतलं नंतरचं, ज्यात पारदर्शकता सपाट करावी लागत नाही) मागत असेल तर तेही उत्तम. एक्स-१एसाठी सपाट करताना फोटोच्या सावलीखाली आलेला मजकूर चित्र होऊन जाऊ शकतो, म्हणून मजकूर वेगळ्या लेयरवर, सगळ्यांच्या वर ठेवा.

तरीही त्यांना फॉन्टची भीती असेल तर मजकूर कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून, पीडीएफ द्या. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टांतली कामं मी अजून अशीच देतो. बारीक टाइप किंचित जाड दिसतो, आणि नंतर एक वेलांटीही दुरुस्त करता येत नाही. म्हणून मुद्रितशोधन संपल्यावरच, आणि मूळ फाइल वेगळी जपून.

फोटोंसाठी जेपीजी वाईट नाही, हे मुद्दाम सांगतो. कॅमेऱ्यातून आलेला उत्तम दर्जाचा जेपीजी पानात लावा, टिफचा हट्ट धरू नका. फक्त तोच फोटो पुन्हापुन्हा उघडून जेपीजीतच सेव्ह करू नका, दर वेळी झिजतो. दुरुस्ती करायची तर पीएसडी किंवा टिफमध्ये. छापील मापाला ३०० भरतात का ते बघा: ए-४ पानभर फोटोला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून आलेला बहुधा १६०० पिक्सेलांच्या आसपास असतो, तो साडेतेरा सेंटिमीटरलाच संपतो. सभासदांना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं आजच कळवा. ७२ चे ३०० असा नुसता आकडा बदलून काही होत नाही.

बोधचिन्ह व्हेक्टरमध्येच (पिक्सेलांऐवजी रेषांनी बनलेलं, कितीही मोठं केलं तरी न फाटणारं) मिळवा, वेबसाइटवरून उचलू नका. जुनी हस्तलिखित पत्रं, सह्या असतील तर १२०० ला बिटमॅप (नुसतं काळं-पांढरं) टिफ स्कॅन करा, करड्या छटांत नको. रेघ कशी उमटते ते बघून तुम्हाला बरं वाटेल.

मी मुद्रणाचं शिक्षण घेतलेलं नाही, वीसेक वर्षं डीटीपी करतोय एवढंच. शाईची एकूण मर्यादा (एका जागी चारही रंगांची मिळून किती टक्के शाई चालते), कागदाप्रमाणे रंगांचं प्रोफाइल या गोष्टी तुमच्या प्रेसलाच विचारा. गुळगुळीत आर्ट पेपरला साधारण ३०० टक्के धरतात, साध्या मॅपलिथो कागदाला कमी. प्रती शे-दोनशेच असतील आणि डिजिटलवरच छापणार असाल तर हे सगळं एवढं जाचक नाही.

आज रात्री एवढं करा. मजकुराचं एक पान पीडीएफ/एक्स-१ए करून अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडा, आउटपुट प्रिव्ह्यूत जा आणि काळ्या प्लेटची खूण काढा. सगळी अक्षरं गायब झाली पाहिजेत. मग ८०० टक्के मोठं करून शिरोरेखेची कड पाहा, पायऱ्या दिसता कामा नयेत. काय दिसतं ते इथेच लिहा, मी उद्या सकाळी बघतो. तोपर्यंत प्रेसला जेपीजी देऊ नका.